घरचा वकील, पण कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातला मूल तालुका धानाचा. इथले घरातले वाद बांधीवरून आणि तिच्या पाण्यावरून निघतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून सरकारकडे आले. पण आजोबांच्या नावावरचा सातबारा काही घरांत तसाच राहिला. कालव्यासाठी जमीन जाऊन मोबदल्याची नोटीस आली, की मगच वारसान कोण कोण ते शोधायला सुरुवात होते. मग सगळे जातात घरच्या वकिलाकडे, ज्याच्या वडिलांनी यांच्या आजोबांचा कूळखटला चालवलेला असतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३३ वा नियम स्पष्ट आहे. एखाद्या प्रकरणात ज्याने एका पक्षाला सल्ला दिला किंवा दावा लिहून दिला, त्याने त्यात विरुद्ध पक्षाचं वकीलपत्र घेऊ नये. नियम चांगला आहे, पण तो कामाला येतो दोन पक्ष पडल्यावर. घरच्या इस्टेटीत जास्त नुकसान त्याआधीच, सगळ्यांचा वकील एकच असताना होतं, असं माझं मत आहे.

हक्कसोडपत्राचा दिवस घ्या. फी थोरल्या भावाने दिलेली, मसुदा वकिलाने केलेला. बहिणी सासरहून आलेल्या, दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठे. भांडण कुठेच नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून हक्क मिळाला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. गोंड घर असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही; छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात आईच्या वाट्यावरचा वारसांचा हक्क सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये मान्य केला, तो समानतेच्या आधारावर. यातलं काय काय त्या बहिणीला कोण सांगणार? सांगितलं तर फी देणारा दुखावतो, न सांगितलं तर सही करणारी फसते. पुढे वकील म्हणेल, मी तिचा वकील नव्हतोच. कागदावर ते खरंही असेल. पण तिने विचारलं होतं, “काका, सही करू ना?” आणि काकांनी मान हलवली होती.

उघड लोभाची प्रकरणं त्यामानाने सोपी. दिल्लीतल्या एका वारसावादात वकिलाने आपल्याच अशिलाकडून वादातली मिळकत १ लाख ८० हजारांना घेतली आणि पुढे ३ लाख ४० हजारांना विकली. त्याची सनद एक वर्षासाठी निलंबित झाली, आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा कायम केली. मोबदल्यात टक्केवारी ठरवणंही २० व्या नियमाने बंद आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या वकिलाने त्या मृत्युपत्राच्या दाव्यात वकीलपत्र घ्यायचं नसतं, कारण साक्षीसाठी त्यालाच पिंजऱ्यात उभं राहावं लागणार.

तालुक्याच्या बारमध्ये वकील मोजकेच, प्रत्येकाचं कुणाशी ना कुणाशी नातं, मग असे निकष लावले तर वकील मिळणार कुठून, असं यावर म्हटलं जातं. एकाच माणसाच्या शब्दावर घर न फुटता वाटणी झाल्याचीही उदाहरणं आहेत. मला दोन्ही मान्य. वकिलाने परकं व्हावं असं मी म्हणत नाही. पक्षकारांशी असलेले संबंध आणि वादातलं आपलं हित काम घेतानाच सांगावं, असं १४ वा नियम म्हणतो. तो अशिलापुरता आहे. वाटणीच्या टेबलावर मात्र तो सही करणाऱ्या प्रत्येकापर्यंत न्यायला हवा. ‘मी थोरल्याच्या वतीने काम करतोय, तुमचा सल्ला तुम्ही वेगळा घ्या,’ ही दोन वाक्यं मसुद्याच्या आधी, लेखी. वेगळा वकील परवडत नाही, ही सबबही टिकत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.

थोरला यावर रागावेल, पुढचं फेरफाराचं काम चंद्रपूरच्या वकिलाकडे नेईल, हे खरं आहे. पण ते काम जाईल म्हणून गप्प बसणं हाही हितसंबंधच आहे, आणि तो बहिणीला सही करण्याआधी कळायला हवा.