जोत्याशी उगवलेल्या छत्र्या

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी पूजेची फुलं काढायला मागील दारी गेलो, तर घराच्या जोत्याला लागून पंधरा-वीस कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. आमच्या कोकणात पावसाळ्यात रानात अळंबी उगवते, त्याचं नवल नाही. पण भिंतीच्या पायाशी, इतक्या दाटीनं? मनात चर्र झालं. आयुष्याची पुंजी घालून बांधलेलं घर!

कारण मला लगेच सापडलं. शेजाऱ्यानं त्याच वर्षी नवी पन्हळ बसवली होती आणि तिचं पाणी आमच्या बाजूला पडत होतं. तसाच कुंपणापाशी गेलो आणि वयाला न शोभेल असं बोललो. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "बघतो काका," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

छत्र्या खुरप्यानं काढल्या. चार दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा काढल्या. शेवटी आमची ही म्हणाली, "वरचं किती दिवस काढत बसणार? खाली काय आहे ते बघा."

गणपती झाल्यावर गवंड्याला बोलावलं. त्यानं हातभर खणलं. आमच्याच न्हाणीच्या पाइपाचा सांधा ठिबकत होता. त्या ओलीत, घर बांधताना मातीत राहून गेलेली सेंट्रिंगची एक फळी कुजत होती आणि फळीभर पांढऱ्या तंतूंचं जाळं. छत्री म्हणजे त्या बुरशीचं नुसतं फळ. तिचा खरा देह ते तंतू. ओल आणि कुजकं लाकूड आहे तोवर छत्र्या येतच राहणार. पन्हळीचं पाणी तर तिथवर पोचतही नव्हतं.

सांधा बदलला, फळी काढली, खड्डा बुजवला. शेजाऱ्याला मात्र काही सांगितलं नाही. देवापुढे हात जोडून "महाराज, चुकलो" म्हटलं आणि सुटलो असं वाटलं.

मार्गशीर्षात नेहमीप्रमाणे गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता मन अडकलं. अपमान केला माणसाचा आणि माफी मागितली देवाची, हे पुरे झालं का? एकाचं देणं दुसऱ्याच्या हाती ठेवलं, तर कर्ज फिटतं का? देवापुढे वाकणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही. शेजाऱ्यापुढे वाकताना अहंकार आडवा येतो. म्हणजे मी अजून वरच्या छत्र्याच काढत होतो. ओल आत तशीच होती.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांतला पहिला गुरू पृथ्वी. तिच्याकडून क्षमा शिकावी, हे आपण कीर्तनातून ऐकत आलो. मला वाटे, क्षमा म्हणजे दुसऱ्याला करायची. ती मागायचीही असते, हे ध्यानातच आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, पन्हळ मी तेव्हाच वळवून घेतली."

बाहेर येऊन पाहिलं, खरंच वळवलेली. माझ्या खोट्या आळापायी त्यानं पदरचे पैसे घातले होते आणि इतके महिने मी मान वर करून पाहिलंही नव्हतं. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. समाप्तीच्या प्रसादाला मात्र घरची सगळी मंडळी आली. बोलणं सुरू झालं आहे. पहिल्यासारखं मोकळं व्हायला वेळ लागेल. तो लागू दे.

यंदाच्या पावसात जोतं कोरडं राहिलं. तरी रोज सकाळी फुलं काढताना मी खाली वाकून पाहतो. आणि पूजेला बसण्याआधी स्वतःला विचारतो, आज कुणाचं काही देणं राहिलंय का? वाचकहो, जयंतीच्या पारायणाला बसताना तुम्हीही एकदा विचारून पाहा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥