फी माफ झाली, पुढे काय?

महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी मुली सातवी-आठवीनंतर घरी बसतात. ‘आईबापांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही,’ असं आपण चटकन म्हणून टाकतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांची अडचण फीची नसतेच. वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची असते.

फीपलीकडची एक अडचण सरकारने ओळखलीही होती: १९९२ साली राज्यात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. मुलगी शाळेत गेली की धाकट्या भावंडाला सांभाळणारं, पाणी भरणारं माणूस घरातून कमी होतं, ही जाण त्यामागे होती. पण गावातली शाळा संपली की प्रश्न अंतराचा होतो. बिहारने तो ओळखला आणि २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. माध्यमिक शाळांतली मुलींची पटनोंदणी त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. शाळा जिथे लांब होती, तिथे फरक अधिक पडला.

आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास आहे, मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी गाड्याही आहेत. पण संध्याकाळची गाडी आली नाही, तर मुली फाट्यावर अंधार पडेपर्यंत ताटकळतात. असं दोन-चारदा झालं की बाप म्हणतो, “बास झाली शाळा.” पास दप्तरातच राहतो.

बीडच्या ऊसतोड कुटुंबांत हा पेच आणखी अवघड आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन आईबाप निघतात, ते पाच-सहा महिन्यांनी परततात. मुलीला ठेवायचं कुणाच्या भरवशावर? म्हाताऱ्या आजीच्या जिवावर धाकटी पोरं राहतात; थोरलीचं मात्र लग्न उरकलं जातं. अशा घरांसाठी हंगामी वसतिगृह आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयासारखी निवासी शाळा हेच खरं शिक्षण आहे. पण वसतिगृह ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडण्याआधी सुरू व्हायला हवं, तिथे बाई मुक्कामाला हव्यात आणि दाराला कडी हवी.

मुलीला शाळेत घालणं हा आईबापांनी सरकारवर टाकलेला विश्वास असतो. म्हणून योजनेचं यश वाटलेल्या सायकली आणि पास मोजून ठरवू नये. आठवीतल्या किती मुली दहावीच्या परीक्षेला बसल्या, हे प्रत्येक तालुक्याने दरवर्षी सांगावं, आणि ज्या बसल्या नाहीत त्यांच्या दारी जावं.