पाहणाऱ्याचे ऋण

घर सोडून दूर जाण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. यात्रा आहे, प्रवास आहे, मुशाफिरी आहे. आणि पर्यटन हा शब्दही आता कोणाला परका वाटत नाही. या शब्दांतला भेद केवळ अंतराचा किंवा वाहनाचा नाही, तो देण्याघेण्याचा आहे. यात्रेकरू निघतो तोच काही देणे डोक्यावर घेऊन. नवस फेडायचा असतो, पितरांचे ऋण उतरवायचे असते, आणि परत आल्यावर मावंदे घालून चार माणसांना जेवू घातल्याखेरीज त्याची यात्रा पुरी होत नाही. पर्यटकाचे तसे नाही. खोलीचे भाडे, गाडीचा खर्च, जेवणाचे पैसे आणि तिकिटाची रक्कम चुकती केली की तो मोकळा. प्रश्न असा की, तो खरोखरच मोकळा होतो काय? परक्या मुलुखातून केवळ पाहत जाणारा माणूस त्या मुलुखाचे काही देणे लागतो काय?

असले प्रश्न हवेत सोडवता येत नाहीत. त्यांना एखादी वाट द्यावी लागते. ती वाट तंजावरची घेऊ. महाराष्ट्रातून निघालेले एखादे जोडपे तंजावरला उतरते, गाडी ठरवते आणि चार-पाच दिवसांत कावेरीचा त्रिभुज प्रदेश व त्याचा किनारा पाहून येते. पहिल्या दिवशी राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय. मग कुंभकोणम, तेथून कावेरी जेथे समुद्राला मिळते ते पुहार, डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी किल्ला बांधला ते तरंगमबाडी, नागूरचा दर्गा, नागपट्टिणम, वेलांकण्णीचे चर्च, वेदारण्यमची मिठागरे. आणि पश्चिमेकडे वळल्यावर सरफोजीराजांनी 1814 साली समुद्रकाठी उभारलेला मनोरा. चोळ, मराठे, डेन, इंग्रज, सूफी आणि ख्रिस्ती अशा साऱ्यांच्या खुणा या एवढ्याशा पट्ट्यात आहेत. डोळ्यांना एवढे देणारा मुलूख विरळा.

या वाटेवर पूर्वीही माणसे जात असत, आणि त्यांची व्यवस्था निराळी होती. काशीहून रामेश्वरला जाणारा यात्रेकरू तंजावरच्या राज्यातून जाई, आणि त्याच्यासाठी वाटेत ठिकठिकाणी छत्रे होती. 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. पण 1801 साली रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांसाठी मोठ्या कळकळीने रदबदली केली. छत्रात काय चालते याचे वर्णन त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, फकीर या सर्वांना शिजवलेला भात मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यांना तांदूळ आणि मसाल्याचा शिधा मिळे. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, वाटेतच बाळंत होणाऱ्या स्त्रीची शुश्रूषा, आणि वाटेतच मरणाऱ्याचे अंत्यसंस्कार, हे सारे छत्राच्या माथी असे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे काय, याची हाक दिली जाई. अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणाऱ्याला आपली म्हण हसते. तंजावरच्या छत्रात मसाला न मागता मिळत असे.

राज्य गेले तरी चालेल, पण छत्रे राहू द्या, असे एका राजाला वाटावे, ही गोष्ट लहान नाही. ओरत्तनाडु येथील छत्राला मुक्तांबेचे नाव आहे. ही सरफोजींची प्रिय सहचरी. आपल्या मागे आपल्या नावाने छत्र चालावे अशी तिची शेवटची इच्छा होती, असे तंजावरात सांगतात. जिला स्वतःला फार दूर जायचे नव्हते तिने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या भुकेत आपली आठवण ठेवावी, यात त्या काळची प्रवासाविषयीची सारी समजूत आली आहे. वाटसरू हा कोणाचा तरी पाहुणा असतो, ही ती समजूत. पाहुणा हा शब्द संस्कृतातील प्राघूर्ण या शब्दापासून आला. पाहणे या क्रियापदाशी त्याचे नाते नाही. तरीही मराठी कानाला ते दोन शब्द जवळचे वाटतात. जो पाहतो तो पाहुणा, असे व्युत्पत्तीने नाही तरी नीतीने म्हणता येईल.

येथे एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. छत्रातील अन्न सर्वांना होते, पण पंगत सर्वांची एक नव्हती. दान घेणारा दात्यापुढे हात पसरतो. त्या हाताची जात विचारली जाते. याउलट आजच्या हॉटेलात पैसे मोजणाऱ्याला कोणी कुळ विचारत नाही. पैशाने माणसाला माणसाच्या उपकारातून सोडवले, आणि ही सुटका ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके अपमानच आला त्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तेव्हा पर्यटकाने बिल भागवावे आणि ताठ मानेने निघावे, हेच अधिक समतेचे नव्हे काय?

हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्यापुरता तो मान्यच केला पाहिजे. छत्रे पुन्हा उभारावीत असे येथे सुचवायचे नाही. पण पैसे नेमके कशाचे दिले, हे पाहू लागले की उरलेला अर्धा भाग निसटतो. खोलीचे भाडे खोलीपुरते असते. खिडकीतून दिसणारी भातशेती हॉटेलच्या मालकाने पिकवलेली नसते. मंदिराच्या दोनशे फुटांवर असलेल्या शिखराकडे मान वर करून पाहताना जे वाटते त्याचे मोल कोणत्याही खिडकीवर घेतले जात नाही. राजराजाने त्या मंदिराच्या भिंतींवर आपल्याबरोबर आपल्या थोरल्या बहिणीची, राण्यांची आणि इतरांची दाने कोरवून घेतली; सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावेही त्यांच्या घरांच्या क्रमासह तेथे आहेत. म्हणजे देणाऱ्यांची यादी आहे. घेणाऱ्यांची नाही, आणि घेणाऱ्यांत आज आपण आहोत. ज्यांच्याकडून घेतले ते हजार वर्षांपूर्वी गेले. त्यांना परत काय आणि कसे देणार?

याचे उत्तर मला वेदारण्यमच्या रस्त्यावर सापडते. 1930 च्या एप्रिलमध्ये राजगोपालाचारी सुमारे शंभर सत्याग्रहींना घेऊन तिरुचिरापल्लीहून मिठासाठी पायी निघाले. तंजावर जिल्ह्याचे कलेक्टर थॉर्न यांनी हुकूम काढला की, जो कोणी या लोकांना अन्न किंवा आसरा देईल त्याला शिक्षा होईल. तेव्हा गावकऱ्यांनी अन्नाच्या पुरचुंड्या वाटेवरच्या झाडांना बांधून ठेवल्या. देणारा दिसत नव्हता, त्याचे नाव कळत नव्हते, आभार मानायलाही कोणी समोर नव्हते. सत्याग्रहींनी ते अन्न खाल्ले आणि पुढे चालत राहिले. त्या अन्नाची परतफेड एकाच रीतीने होऊ शकत होती: ज्यासाठी ते बांधले होते तेथपर्यंत चालून जाणे. काही ऋणे ज्याची त्याला फिटत नाहीत. ती पुढे न्यावी लागतात. मावंद्याचा अर्थही हाच आहे. वाटेवर ज्यांनी जेवू घातले त्यांना आपण पुन्हा भेटणार नसतो, म्हणून घरी आल्यावर दुसऱ्यांना वाढायचे.

मग केवळ पाहणाऱ्याने पुढे काय न्यायचे? प्रथम काय नेऊ नये, ते सांगितले पाहिजे, आणि मराठी माणसाला ते विशेषेकरून सांगितले पाहिजे. बृहदीश्वराच्या आवारात 1803 साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी इतिहास पाहिला की आपला ऊर भरून येतो, आणि ‘हे आपलेच’ असा उद्गार सहज बाहेर पडतो. त्या उद्गारात प्रेम आहे, पण थोडी बळजबरीही आहे. चोळांनी बांधलेल्या भिंतीवर मराठ्यांनी आपला वंश लिहिला, तो यजमानाच्या भिंतीवर पाहुण्याने लिहिला. त्याच आवारात, किंवा कोणत्याही जुन्या वास्तूत, एखादे तरुण जोडपे दगडावर आपली दोन नावे ओरखडते तेव्हा आपण संतापतो. दोन्हींत अंतर पुष्कळ आहे. सरफोजींनी त्या देवळाची सेवा केली, ग्रंथालय वाढवले, तमिळ, तेलुगु, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांना घरात जागा दिली. त्या मुलुखाला त्यांनी जे दिले त्यामुळे त्यांच्या लेखाला तेथे राहण्याचा हक्क मिळाला. जोडप्याच्या ओरखड्यामागे असे काहीच देणे नसते. पण त्या लेखाकडे पाहून छाती फुगवणाऱ्या आजच्या पाहुण्यामागे तरी काय असते? पूर्वजांनी मिळवलेला हक्क वारशाने येतो, पण त्यामागचे कर्तव्य आपण वारशाने घेत नाही. ही लबाडी ओळखणे हे पाहणाऱ्याचे पहिले देणे.

दुसरे देणे अधिक अवघड आहे. एका वर्षी पोंगल होऊन गेल्यावर मी व पत्नी ओरत्तनाडुकडून किनाऱ्याकडे जात होतो. सुगीचे दिवस. जागोजागी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेले होते, आणि चालक ते दाणे चुकवत गाडी कडेच्या मातीवरून नेई. मी पुढे लागणाऱ्या देवळांची माहिती वाचत होतो. पत्नी बराच वेळ बाहेर पाहून म्हणाली, “रस्त्यावर वाळवण घालावं लागतं, म्हणजे यांना अंगण नसणार.” त्या एका वाक्याने तो प्रदेश माझ्यापुरता बदलला. अंगण नसलेली माणसे त्रिभुज प्रदेशात का आहेत, हे विचारायला लागले की वाट कीळवेणमणीला जाते. हे गाव तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले. शेतमजुरांनी मजुरीत थोडे अधिक भात मागितले, संघटना केली. आणि 25 डिसेंबर 1968 च्या रात्री एका झोपडीत आसऱ्याला शिरलेली चव्वेचाळीस दलित माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, जिवंत जाळण्यात आली. सहलीच्या नकाशात हे गाव नसते. पण हॉटेलच्या पानात वाढलेला भात त्याच मातीतला असतो.

किनाऱ्यावरही तसेच. 26 डिसेंबर 2004 ला सुनामीने एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली. त्याच वाळूवर आज पर्यटक सूर्योदयाची छायाचित्रे घेतात. ती घेऊ नयेत काय? असे म्हणणे खोटे सोवळे ठरेल. समुद्र सुंदर आहे हे कोळ्यालाही ठाऊक असते, आणि शोकाच्या जागी कायम मान खाली घालून उभे राहावे अशी अपेक्षा तेथल्या माणसांचीही नसते. उलट, दुसऱ्याचे दुःखही एक प्रेक्षणीय स्थळ मानून पाहायला जाणे हा पाहण्याचा सर्वांत निर्दय प्रकार. म्हणून जाणणे आणि पाहायला जाणे यांत भेद केला पाहिजे. कीळवेणमणीच्या स्मारकापाशी उभे राहून छायाचित्र घेणे आवश्यक नाही. समोरचे भाताचे शेत पाहताना ते नाव मनात असणे आवश्यक आहे. सौंदर्याला त्याने बाधा येत नाही. फक्त ते सौंदर्य कोणाच्या श्रमावर आणि कशाच्या शेजारी उभे आहे, हे खोटे राहत नाही.

हे एकट्याला साधणे कठीण. कारण एकटा माणूस स्वतःला हवे तेच पाहतो. दोघांनी मिळून केलेल्या प्रवासाचे मोल येथे आहे, आणि धोकाही येथेच आहे. बंद काचांच्या गाडीत दोघे एकमेकांशीच बोलत राहिली तर सारा मुलूख त्यांच्या छायाचित्रामागचा पडदा होतो. पण एकाने शिखर पाहावे आणि दुसऱ्याने अंगण नसलेले घर, असे झाले तर एकाचे पाहणे दुसऱ्याच्या पाहण्याची साक्ष तपासते. पुहारहून निघालेले एक जोडपे सर्वांना माहीत आहे. ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यातील कोवलन आणि कण्णगी मदुरेपर्यंत पायी गेली. वाटेत जैन साध्वी कवुंदी त्यांच्यासोबत होती आणि मदुरेबाहेर मादरी नावाच्या गवळणीने त्यांना आसरा दिला. कोवलनावर खोटा आळ येऊन त्याचा वध झाला तेव्हा, आपल्या भरवशावर आलेला पाहुणा आपण राखू शकलो नाही म्हणून मादरीने अग्नीत प्रवेश केला. तिचा अपराध काहीही नव्हता. ज्याला थारा दिला त्याचे आपण काही लागतो, एवढेच तिला ठाऊक होते.

यजमानाने पाहुण्यासाठी मरावे, असे आज कोणी म्हणणार नाही. ते त्या काव्याचे माप आहे, आपले नव्हे. पण ज्या किनाऱ्याने यजमानाचे देणे एवढ्या टोकाला नेले, तेथे पाहुण्याचे देणे शून्य असावे, हे हिशेबात बसत नाही. ते देणे पैशाचे नाही, हे वर आलेच आहे. जे पाहिले ते आपले म्हणून न मिरवणे, जे दाखवले गेले नाही त्याचीही चौकशी ठेवणे, आणि परतल्यावर खरे सांगणे, एवढे ते आहे. शेजारी विचारतील, “काय काय पाहिलंत?” तेव्हा देवळे, समुद्र आणि मनोरा यांच्याबरोबर रस्त्यावर वाळणारे भातही सांगावे, आणि ते चुकवत जाणारा चालकही सांगावा. पर्यटकाला घालता येण्याजोगे मावंदे बहुधा हेच.