डिलीट केलेले बावीस सेकंद

मागच्या पावसाळ्यात नाशिकमधल्या एका चौकात पाऊस ओसरायची वाट बघत मी बाईक लावून थांबलो होतो. पलीकडे डिलिव्हरीवाल्या एका पोराला पोलिसानं अडवलं होतं. कागद, लायसन्स असं काहीतरी चाललं असावं. पोरानं उलट काहीतरी विचारलं आणि पोलिसानं त्याच्या कानाखाली वाजवली. एक नाही, तीन. माझा मोबाइल हातातच होता. बावीस सेकंदांचा व्हिडिओ झाला. घरी येऊन तो चार वेळा बघितला आणि झोपायच्या आधी डिलीट केला.

भीती हे एक कारण होतंच. पण माझा मामा हवालदार म्हणून रिटायर झालाय. २०१५च्या कुंभमेळ्यात बंदोबस्तावरून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या बुटातून पाय निघत नसत. त्या चौकातल्या माणसाची ती सलग कितवी ड्युटी होती, मला माहीत नव्हतं. बावीस सेकंदांवरून कुणाची नोकरी घालवायचा मला काय अधिकार, असं मी स्वतःला सांगितलं. ऐकायला बरं वाटतं ते.

मामाचं म्हणणं नेहमीचं आहे. 'ऑपरेशन चालू असताना डॉक्टरला कुणी शिकवतं का? मग लाठी कशी धरायची हे आम्हाला तुम्ही कोण सांगणार?' यात तथ्य आहे. पण डॉक्टर पटला नाही तर पेशंट उठून दुसरीकडे जाऊ शकतो. पोलिसानं धरलं की दुसरीकडे जायची सोय नसते. जिथं निघून जाता येत नाही तिथं निदान विचारता तरी आलं पाहिजे, असं मला वाटतं.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. आपण लिहिलेला कोड आपणच पास करायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. त्यात अपमान कुणी मानत नाही, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी खरं सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या डेस्कवरच्या मित्राचा कोड मी न वाचता पास केलाय. पुढच्या आठवड्यात तो माझा करणार असतो. पोलिसांची चौकशी पोलिसांनी करणं म्हणजे कायमची शुक्रवार संध्याकाळ.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयात मांडणारा माणूस कुणी आंदोलक नव्हता. प्रकाश सिंग स्वतः पोलीस अधिकारी, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. त्यांची याचिका १९९६ची, निकाल २२ सप्टेंबर २००६चा. न्यायालयानं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यासारखे निर्देश दिले. एकीकडे पोलिसांना राजकीय दबावापासून वाचवा, बदल्यांचा खेळ थांबवा. दुसरीकडे प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असू दे, आणि त्याची शिफारस बंधनकारक असू दे.

महाराष्ट्रानं कायदा केला २०१४ साली. त्यात जिल्ह्याऐवजी महसूल विभाग आला. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या माणसाचं प्राधिकरण नाशिक विभागाचं. दोनशेहून जास्त किलोमीटर. ज्याच्याकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी म्हणून काढलेली ही खिडकी! आणि प्राधिकरणाचा अहवाल जातो सरकारकडे, पुढं कारवाई करायची ती सरकारनं.

सरकारच्या हातात शेवटचा शब्द राहिला की काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ख्वाजा युनूस. परभणीचा, दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २७. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटाच्या तपासात २००२च्या डिसेंबरात त्याला पकडलं. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. सीआयडीच्या तपासात ही गोष्ट टिकली नाही. तो कोठडीतच मेला असा निष्कर्ष निघाला. सीआयडीला चौदा जणांवर खटला हवा होता, सरकारनं मंजुरी दिली चौघांपुरती. निलंबित झालेल्यांना २०२०मध्ये परत सेवेत घेतलं. वय आणि डिग्री सोडली तर त्याच्यात आणि माझ्यात काय सारखं आहे, असं मी स्वतःला विचारतो. मग कळतं की हा प्रश्नच चुकीचा आहे. माझ्यासारखा नसता तर चाललं असतं का?

डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक आदेश दिला. प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, आवाज टिपणारे सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर कमीत कमी एक वर्ष. देखरेखीला जिल्हा समिती, आणि त्यात महसूल आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षकांबरोबर शहराचा महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. म्हणजे त्या टेबलावर मतदारांनी निवडून दिलेला एकच माणूस. आता नाशिक बघा. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि प्रशासक आले. महापौरच नव्हता. कॅमेरे भिंतीवर आहेत की नाहीत यावर आपण भांडतो; त्यांच्याकडे बघायची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली, त्याची बातमी झालेली मला तरी आठवत नाही.

मला यात सगळ्यात अवघड वाटतो तो मामाचाच दुसरा मुद्दा. तो म्हणतो, वरून तोंडी हुकूम येतो, 'बोलता करा त्याला', आणि अडकतो तो शिपाई. बरोबर आहे. पण मग बाहेरच्या तपासणीची गरज शिपायालाच जास्त आहे. 'साहेब, कॅमेरा चालू आहे,' एवढं म्हणायची सोय तरी त्याला होईल. हे मी बोललो तेव्हा मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आमच्या वेळी असं म्हणायची सोय नव्हती.' त्यानं कधी कुणाला मारलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मामीनं चहा आणला.

फोनमध्ये डिलीट केलेला व्हिडिओ आणखी तीस दिवस राहतो. त्या तीस दिवसांत मी तो फोल्डर कितीदा तरी उघडला. बक्कल नंबर वाचता येत होता. एकतिसाव्या दिवशी फोल्डर रिकामा होता आणि मला, लाज वाटते लिहायला, हायसं वाटलं.

परवा हे सगळं मामाला सांगितलं. मला वाटलं, बरं केलंस म्हणेल. तो म्हणाला, 'मार त्या पोरानं खाल्लेला. व्हिडिओ ठेवायचा की नाही, हे त्याला विचारलंस का?'

त्या चौकातून अजून रोज जातो. पाऊस असला की सगळ्यांचे रेनकोट सारखेच दिसतात.