उतरणीची निवड

(शास्त्रभाग : उत्पत्ति ३३:१२-१७)



यब्बोक ओढ्याकाठी रात्रभर झोंबी करून याकोब लंगडत पुढे निघाला, तो चारशे माणसे घेऊन एसाव समोर आला. ज्या भावाच्या भीतीने वीस वर्षे परदेशात काढली, त्याने गळ्यात मिठी घातली, दोघेही रडले. मग एसाव म्हणाला, चल, आता बरोबरच जाऊ. याकोबाने ते मानले नाही. त्याचे म्हणणे असे की, बरोबर लहान मुले आहेत, कळपात पिलांना पाजणारी जनावरे आहेत. त्यांना एक दिवस जरी दामटून नेले तरी ती हातची जातील. तुम्ही पुढे व्हा, आम्ही त्यांच्या बेताने मागून येतो.

याकोबाच्या सरळपणाची हमी आम्ही घेत नाही. मागून सेईरास येतो असे सांगून तो भलतीकडेच गेला, हे याच अध्यायात लिहिले आहे. पण मनात काही असो, तोंडून निघालेले कारण खरे होते, आणि ते सांगणारा माणूस स्वतः लंगडत होता हे विसरू नये. आदल्या रात्रीपर्यंतच्या धडधाकट याकोबाला ते सुचले असते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

या शास्त्रभागाचा विचार आज आम्ही थोड्या अनोळखी जागी नेऊन करणार आहोत. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कंब्रिया परगण्यात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा सरोवरांचा व डोंगरांचा प्रदेश आहे. तेथील डोंगरांना फेल म्हणतात. हा शब्द फार पूर्वी आलेल्या नॉर्स लोकांनी तेथे ठेवला. त्यांतील सर्वांत उंच, म्हणजे साऱ्या इंग्लंडात सर्वांत उंच, स्काफेल पाइक हा अवघा ९७८ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणून कोणी त्यांना टेकड्या समजेल, तर तसे नाही. भर उन्हाळ्यातही तेथे धुके उतरते, गार पावसाने अंग भिजते आणि माथ्यावरच्या वाऱ्यात उभे राहणे कठीण होते. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आज इंग्लंडात आहेत. सुटीच्या दिवशी जाड टायरच्या सायकली घेऊन त्या डोंगरांत शिरणारी त्यांत असतील. त्यांच्या आईवडिलांनीही हे वाचावे.

या सायकलीला माउंटन बाइक म्हणतात. रुंद हँडल, चढणीसाठी हलके गिअर, पुढे धक्का सोसणारे स्प्रिंग आणि चाकांना डिस्क ब्रेक. हिचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारावर झाला. १९७६ साली तेथील तरुण जुन्या जड सायकली घेऊन एका कच्च्या वाटेने शर्यत लावून खाली येऊ लागले. मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; इंग्रजीतील त्या क्रियेवरून वाटेचे नावच रिपॅक पडले. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्यांना तापलेल्या ब्रेकचा वास समजावून सांगायला नको.

फेलमध्ये वाट निवडायची ती घरी, टेबलावर नकाशा पसरून. सरकारी मोजणीच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा असतात. आखूड तुकड्यांची रेषा पायवाटेची. तिच्यावर सायकलीला हक्क नाही. लांब तुकड्यांची रेषा घोडवाटेची. १९६८ च्या कायद्याने तिच्यावरून सायकल नेण्याची मोकळीक दिली, पण पायी चालणाऱ्याला व घोडेस्वाराला वाट द्यावी, ही अट त्याच कलमात घातली. समोच्च रेषा जेथे एकमेकींना खेटून येतात तेथे उतार तीव्र. एवढे शाळेच्या मुलालाही कळते. नकाशात न दिसणारी गोष्ट म्हणजे बरोबरच्या माणसाचा दम.

एक खरी वाट घेऊ. केंटमियर या खेड्यातून निघायचे, पूर्वेची टेकडी ओलांडून लाँगस्लेडेलच्या खोऱ्यात सॅडगिलपाशी यायचे, तेथून दगड बसवलेल्या जुन्या वाटेने गेटस्कार्थची खिंड चढायची. पलीकडे उतरले की हॉजवॉटर सरोवराच्या टोकाला मार्डेल हेड लागते. तेथून पुन्हा चढून, बराच भाग सायकल खांद्यावर घेऊन, सुमारे ६४० मीटर उंचीच्या नॅन बील्ड खिंडीत पोहोचायचे आणि शेवटची लांब उतरण करून केंटमियरला परत यायचे. सारे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. ऐकणारा म्हणेल, एवढेच ना! पण दोन खिंडींची चढणच सातशे मीटरच्या वर जाते. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने पायी चालणाऱ्यांसाठी हिशेब घालून दिला : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. सायकल खांद्यावर असली म्हणजे माणूस पायी चालणाराच होतो, आणि तोही ओझेवाला.

आता खरी निवड कोठे आहे ते पाहा. बहुतेकांना वाटते, ती नॅन बील्डच्या माथ्यावर, कारण तेथली उतरण अवघड. सुरुवातीला अरुंद, दगडी वळणे आहेत. आम्हांला वाटते, निवड त्याच्या फार आधी, गेटस्कार्थच्या माथ्यावर आहे. तेथे उभे राहिले म्हणजे समोर मार्डेलकडे जाणारी वाट वळणे घेत खाली जाताना दिसते. चढून घाम निघालेला असतो, पोटात भूक असते, आणि सव्वातीनशे मीटर उंची थोड्याच मिनिटांत हसत-ओरडत खर्च करता येते. पण खाली पोहोचले की मागचा दरवाजा बंद होतो. मार्डेल हेड हे खोऱ्याचे बंद टोक आहे. केंटमियरला परतायचे तर गेटस्कार्थ तरी पुन्हा चढा, नाहीतर नॅन बील्ड. डांबरी रस्ता आहे, पण तो सरोवराच्या कडेने उलट दिशेला जातो आणि डोंगरांना मोठा वळसा पडतो. म्हणजे चौघांतील सर्वांत थकलेल्या माणसाच्या वतीने ज्याला बोलायचे आहे, त्याने गेटस्कार्थच्या माथ्यावरच बोलले पाहिजे. तेथून मागे फिरले तर आल्या वाटेने सॅडगिलला जाता येते. खाली गेल्यावर त्याच्या बाजूने बोलणे म्हणजे नुसती कीव.

आणि नेमका तो माणूस तेथे बोलत नाही. सगळे आनंदात असताना “माझे पाय भरून आलेत” असे कोण म्हणेल? लहान मुलांनी व मेंढरांनीही याकोबाकडे तक्रार केलेली नाही. त्याने त्यांच्याकडे पाहून ओळखले. आमच्या मंडळ्यांत नव्या इमारतीची वर्गणी ठरते तेव्हाही गप्प बसणारे असतात. बहुमताने ठराव झाला असे इतिवृत्तात लिहिले जाते, आणि एखादी विधवा पुढच्या रविवारपासून मागच्या बाकावर बसू लागते.

थकलेले पाय उतरणीवरच दगा देतात. चढताना पडलेला माणूस फार तर गुडघा खरचटून घेतो. उतरताना वजन मागे घ्यावे लागते, टाचा खाली दाबाव्या लागतात, दोन्ही ब्रेक बोटांनी तोलून धरावे लागतात, आणि दृष्टी पुढच्या चाकावर न ठेवता काही हात पुढे ठेवावी लागते. थकलेली बोटे ब्रेक एकदम आवळतात, मागचे चाक अडकून घसरते. अशा अडकलेल्या चाकाने गवत सोलून निघते, त्या चरातून पावसाचे पाणी वाहते, आणि काही वर्षांत वाटेची घळ होते. त्या घळी बुजवण्यासाठी २००१ पासून फिक्स द फेल्स नावाचे काम चालू आहे. स्वयंसेवक व राखणदार वाटांवर दगड बसवतात, पाणी बाजूला काढणारे चर साफ करतात. एकाच्या अधीर ब्रेकाचे देणे असे दुसऱ्याला पाठ वाकवून फेडावे लागते.

मराठी भाषेने येथे आपल्यावर एक उपकार केला आहे. डोंगर उतरणे आणि वाहनावरून उतरणे या दोहोंस आपण एकच शब्द वापरतो. ज्याला सायकलीवरून उतरणे जमते त्यालाच डोंगर उतरणे जमते, असे आम्ही म्हणू. निसरड्या दगडांच्या वळणावर खाली उतरून सायकल हाती धरून चालण्यात कसलीही नामुष्की नाही. समोरून धापा टाकत कोणी वृद्ध जोडपे वर येत असेल तर थांबणे, हा तर कायदाच आहे. पण चढणीचे कष्ट भोगले की माणसाला वाटते, उतरण ही आपली मजुरी. ती कोणी अर्ध्याने कापली तर राग येतो. चढताना जो सर्वांत पुढे होता त्याचा राग सर्वांत मोठा.

मग तो म्हणतो, काही होत नाही, देव आहे. हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले ते मत्तय ४ मध्ये पाहा. मंदिराच्या शिखरावर उभे करून प्रभूला खाली उडी टाकायला सांगणाऱ्याच्या तोंडी शास्त्रवचनच होते, आणि देवदूत सांभाळतील हा भरवसाही. प्रभूने देवाच्या राखणीवर शंका घेतली नाही. देवाची परीक्षा पाहण्याचे तेवढे नाकारले. त्या डोंगरांत पडलेल्यांना उचलायला जे येतात ते बचाव पथकांचे लोक पगारी नाहीत. हाक आली की हातचे काम टाकून, रात्री, पावसात वर जातात. हिवाळ्यात तर एक माणूस ९५० मीटरच्या हेल्वेलिनवर रोज चढून बर्फ व वारा पाहतो आणि त्याची खबर खालच्या लोकांना दिली जाते. ती खबर न वाचता निघणाऱ्याने देवदूतांची गोष्ट काढू नये.

मार्डेलविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तेथे एक गाव व लहानसे देऊळ होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या देवळाला दफनभूमी नव्हती, म्हणून मृतदेह घोड्यावर बांधून डोंगरापलीकडे शॅपला नेत. ती प्रेतवाट आजही घोडवाट म्हणून चालू आहे. पुढे मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठी धरण झाले. १९३५ साली देवळात शेवटची उपासना झाली आणि गाव पाण्याखाली गेले. मोठा दुष्काळ पडला की कुंपणांच्या भिंती वर दिसतात. प्रेत नेणारे ते गावकरी त्या चढावर घोड्याला दामटीत नसावेत, असे आम्हांला वाटते.

याकोब सेईरास न जाता सुक्कोथास गेला. तेथे त्याने स्वतःसाठी घर बांधले आणि गुरांसाठी मांडव घातले. त्या मांडवांवरूनच गावाला नाव मिळाले. नॅन बील्ड या नावातील बील्ड म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलीत आडोसा. खिंडीच्या माथ्यावर दगड रचून केलेला तसा आडोसा आहे, आणि अलीकडे स्मॉल वॉटर या तळ्याकाठी वाटसरूंसाठी बांधलेली ठेंगणी दगडी खोपटी आहेत. आत शिरायला गुडघ्यांवर रांगावे लागते. मार्डेलहून चढताना ज्याची चाल मंदावली असेल, त्याला तेथे बसवावे, गरम चहा द्यावा, आणि तो स्वतः उठेपर्यंत कोणी सायकलीला हात लावू नये.