कुत्रा निवडताना

घरात कुत्रा आणायचा हे एकदाचं ठरलं आणि लगेच दोन पक्ष पडले. चिरंजीव लॅब्रेडॉरचे, सौभाग्यवती गोल्डन रिट्रीव्हरच्या. एकाचे केस आखूड, पण गळतात. दुसऱ्याचे लांब, आणि तेही गळतात. एवढाच काय तो तात्त्विक मतभेद!

मी पुस्तक काढलं. लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात उड्या टाकीत. गोल्डनची पैदास स्कॉटलंडात, पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्या गृहस्थांनी १८६८ साली आरंभली. काम दोघांचं एकच : साहेबानं पाडलेला पक्षी दात न रुतवता आणून देणं. आमच्याकडे बंदूक नाही, पाणी दिवसाआड, आणि पक्षी म्हणजे गॅलरीतली कबुतरं. म्हणजे कुठलाही आणला तरी बेकारच!

मी हिला पाहायला गेलो, तेव्हा हिनंही मला पाहून घेतलं होतं. या बिचाऱ्याला कोण विचारतो, 'तिसरा मजला चालेल का रे?' निवडण्याचा हक्क आपल्याला दिला कुणी?

"ते राहू द्या," सौ. म्हणाली, "रोज पहाटे त्याला पळवणार कोण?"

दोन्ही पक्ष गप्प.

गेले आठ दिवस पहाटे मी एकटाच धावतोय. कुत्र्याची निवड लांबणीवर पडली आहे. तूर्त मालकाची चाचणी चालू आहे.