अग्निवेशाचा प्रश्न आणि नाशिकचं पाणी

२०२१मध्ये मुंबईतल्या काही डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोविडच्या धास्तीने गुळवेल घेतल्यानंतर या रुग्णांच्या यकृताला इजा झाली, असं त्यांचं निरीक्षण होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुठली, याची शहानिशाच झालेली नाही. आक्षेप वाजवी होता. पण तो मान्य केला की पुढचंही मान्य करावं लागतं. कुंपणावरची वेल नेमकी कोणती हे कळत नसेल, तर तिचा काढा रोज सकाळी पिणं धोक्याचं आहे. दोन पॅथींच्या भांडणात नेमकी हीच गोष्ट मागे पडली.

वाद विरला, विश्वास मात्र टिकला. जे निसर्गातून येतं ते अपाय करत नाही, असं आरोग्य शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून आजही सांगितलं जातं, आणि तेही परंपरेचा हवाला देऊन. परंपरेने असं कधीच मानलं नव्हतं. पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी शेवळं आंबट काकडांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, हे आदिवासी पाड्यांवरच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. दुधी किंवा काकडी चिरण्याआधी टोक कापून चव पाहण्याची सवयही त्याच शहाणपणातली. ती सुटली आणि मिक्सरमधला रस आला. २०१०मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कडू लागणारा रस पिऊच नये, असं बजावलं. दुधीला कडू करणारं कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्यही नैसर्गिकच असतं.

भगरीचं उदाहरण तर नाशिकच्या अगदी जवळचं. वरईपासून भगर काढणाऱ्या गिरण्या याच शहरात आहेत. पावसाळा सरतासरता नवरात्र येतं, दमट हवेत साठवलेल्या भगरीला किंवा तिच्या पिठाला बुरशी लागलेली असते, आणि राज्यात कुठे ना कुठे उपवास करणाऱ्यांना उलट्या, चक्कर, हातापायांना कंप असा त्रास झाल्याच्या बातम्या येतात. अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी इशारे देतं. दोष उपवासाचाही नाही आणि वरईचाही नाही. साठवणीचा आणि ओलाव्याचा आहे, म्हणजे ऋतूचा आहे.

ऋतुचर्या म्हणून जे शास्त्र सांगितलं गेलं, ते अशाच बारकाव्यांवर उभं आहे. आयुर्वेदाचार्य वाग्भट मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस वेगळे काढतो, आणि या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात, नव्या हळूहळू धराव्यात असं सांगतो. पावसाळ्यात नदीचं पाणी टाळा, हाही त्याचाच सल्ला. ऋतूइतकाच विचार आयुर्वेद देशाचा, म्हणजे प्रदेशाचा करतो. पाणथळ तो आनूप, कोरडा तो जांगल, मधला तो साधारण. नाशिक जिल्ह्यात हे सारे एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर येवल्याकडे त्याचा पाचवा-सहावा हिस्सा. मालेगाव मे महिन्यात ४३ अंशांवर तापतं आणि निफाडचा पारा थंडीत ५ अंशांखाली उतरतो. पेठ-सुरगाण्यात नागलीची भाकरी आणि मालेगाव-येवल्याकडे बाजरीची, हा फरक त्या त्या मातीने आणि पावसाने ठरवला. देशभर एकाच दिवशी फिरणारी ‘या ऋतूत हे खा’ची यादी यातलं काहीच जाणत नाही.

इथवरचा युक्तिवाद घराघरातल्या शहाणपणाच्या बाजूने जातो: वनस्पती ओळखा, धान्य नीट साठवा, आपल्या गावाचं हवामान पाहून जेवा, आरोग्य ज्याचं त्याच्या हातात. पण हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि तो अपुरा का हे खुद्द चरकसंहितेनेच सांगून ठेवलं आहे.

तिच्या विमानस्थान या विभागाचा तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे अख्खा प्रदेश रोगाने उद्ध्वस्त होण्याचा. पांचाल देशाची राजधानी काम्पिल्य, गंगेचा काठ, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह तिथल्या वनात फिरत आहेत. ऋतू बिघडल्याची चिन्हं त्यांना दिसतात. जमिनीतला रस जाण्याआधीच औषधी काढून ठेवा, असं ते शिष्यांना सांगतात. तेव्हा त्यांतला अग्निवेश विचारतो की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग एकाच रोगाने सगळे एकाच वेळी कसे मरतात? प्रत्येकाच्या वात-पित्त-कफावर उभ्या असलेल्या शास्त्राच्या मुळालाच हा प्रश्न हात घालतो. आत्रेय तो टाळत नाहीत. माणसं वेगळी असली तरी वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांच्या सामायिक आहेत आणि त्या बिघडल्या की सगळे आजारी पडतात, असं ते म्हणतात. हवेपेक्षा पाण्यातून, पाण्यापेक्षा भूमीतून आणि भूमीपेक्षा काळातून सुटका अधिक कठीण. या बिघाडाचं मूळ अधर्मात, आणि त्याची सुरुवात देशाच्या, नगराच्या, व्यापारी संघांच्या प्रमुखांपासून होते.

चरकाचा अधर्म म्हणजे आजचं प्रदूषण नव्हे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. त्या अध्यायात देवांनी माणसांना सोडून देणं आहे, शापही आहेत. त्याला महापालिकेचा मलनिस्सारण अभियंता करण्याची गरज नाही. पण सामायिक गोष्टी बिघडल्यावर वैयक्तिक पथ्य तोकडं पडतं, आणि त्या राखण्याची जबाबदारी सत्ता असणाऱ्यांवर सर्वांत आधी येते, ही मांडणी शापांशिवायही उभी राहते.

नाशिकमध्ये ती रोज दिसते. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न २०१२पासून उच्च न्यायालयात गाजला. पावसाळा आला की डेंग्यू येतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासूनची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. ही खरीखुरी ऋतुचर्या आहे, पण एका घराने पाळून भागत नाही. शेजारच्या बांधकामावरची टाकी उघडी असेल तर घरातली पपईच्या पानांच्या रसाची बाटली डासाला अडवत नाही.

आणि ऋतू पाळणं सगळ्यांना परवडतही नाही. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर पहाटे गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभे राहतात आणि हंगामाच्या कामासाठी द्राक्षबागांत जातात. कडाक्याच्या थंडीत बागेतला माल वाचावा म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. हेमंतात तेलाने अंग चोळून उबदार घरात राहावं, हा सल्ला त्या मजुरापर्यंत पोहोचत नाही. उबदार कपडे आणि थोडी उशिराची पाळी पोहोचू शकते.

२०२५च्या अखेरीस सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं काढण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. नदीकाठचं वन वाचवायला उभी राहिलेली ती माणसं आरोग्याचंच काम करत होती, चरकाला अभिप्रेत असलेलं. २०२७च्या सिंहस्थातली अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात आहेत, म्हणजे नदीच्या पाण्यापासून जपायला वाग्भटाने सांगितलेल्या काळातच. लाखो माणसं श्रद्धेने येणार, आणि त्यांना यायचा हक्क आहे. त्यांच्यासाठी रामकुंडाच्या पाण्याची रोज तपासणी व्हावी, तिचा निकाल त्याच दिवशी घाटावरच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लिहिला जावा, आणि सांडपाण्याचा शेवटचा नाला स्नानाच्या पहिल्या तारखेआधी वळवलेला असावा.